कंपवाताच्या रुग्णांसोबत नाचायचं, तर नर्तकाने आधी काय शिकावं?

पदन्यास

कथक-भरतनाट्यम विशारद झालेली, दहा-पंधरा वर्षं शिकवत असलेली बरीच मंडळी आता हॉस्पिटलं, वृद्धाश्रम आणि रुग्णांचे स्वमदत गट इथे वर्ग घ्यायला लागली आहेत. मागणी खरी आहे, प्रशिक्षणाचा मात्र गोंधळ आहे. नाच उत्तम येतो म्हणजे हे काम येईल, असं धरून चाललं जातं आणि तिथेच चुकतं. म्हणून हा धागा. सगळे आजार एकदम घेतले तर चर्चा पसरेल, म्हणून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, मध्यभागी ठेवू. या कामाची सगळ्यात नीट बसलेली पद्धत तिथेच आहे.

थोडी पार्श्वभूमी. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पार्किन्सन ग्रुपच्या ऑली वेस्टहायमर यांनी मार्क मॉरिस डान्स ग्रुपकडे एक मागणी केली. आम्हाला व्यायामाचा तास नको, व्यावसायिक नर्तकांनी शिकवलेला नाचाचाच वर्ग हवा. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. कंपवातात चालणं, वळणं, उठणं या आपोआप होणाऱ्या हालचाली मेंदूच्या हातून निसटतात. नर्तक तर आयुष्यभर हालचाल *जाणीवपूर्वक* करायला शिकलेला असतो. वजन कुठे आहे, पुढचं पाऊल कुठे, नजर कुठे, सम (तालाची पहिली मात्रा) कधी. तेच ज्ञान रुग्णाला हवं असतं. त्यातून 'डान्स फॉर पी.डी.' (पी.डी. म्हणजे पार्किन्सन्स डिसीज) उभं राहिलं. इंग्लिश नॅशनल बॅले लंडनमध्ये असे वर्ग घेते. पुण्यात समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी सुरू केलेल्या वर्गाला दशकाहून अधिक काळ झाला.

माहीतगारांनी नेमकं लिहावं, ही विनंती. ठेका कोणता, खुर्ची कशी, कोणी पडलं तर काय, प्रमाणपत्र कुठलं, सगळं.

सांधेजोड

फिजिओच्या बाजूने सुरुवात करतो. नर्तकाला न्यूरॉलॉजी शिकायची गरज नाही, पण पुढच्या गोष्टी पाठ हव्यात.

गोळीची वेळ. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची मुख्य गोळी, घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात असर दिसतो आणि पुढचा डोस जवळ आला की उतरतो. उतरलेल्या अवस्थेला रुग्ण आणि घरचे 'ऑफ' म्हणतात. वर्गाची वेळ ठरवण्याआधी प्रत्येकाच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या. सकाळी ११ चा वर्ग सोयीचा का पडतो, ते त्या कागदावरून लगेच कळतं. ज्याची गोळी वर्गाच्या मध्यावर येते, त्याला आठवण करायची जबाबदारी एका मदतनिसाला नावानिशी द्यावी. सगळ्यांवर सोडलेली गोष्ट कोणीच करत नाही.

रक्तदाब. कंपवातात, आणि त्याच्या औषधांमुळेही, उभं राहिल्यावर दाब घसरतो. उभं राहून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती धोक्याची खूण. म्हणून बसून केलेल्या भागानंतर थेट उभं करायचं नाही. आधी टाचा-चवडे उचलणं, पोटऱ्या आवळणं, मग खुर्ची धरून उभं, मग दोन-चार श्वास, मग हात सोडायचा. नमस्कारासाठी कमरेतून खाली वाकून झटकन वर येणं हा अगदी निरुपद्रवी दिसणारा प्रकार सगळ्यात जास्त चक्कर आणतो. बसलेल्या अवस्थेतला वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० यापुढे असेल, तर त्या दिवशी श्रमाची हालचाल नको. बसून संगीत ऐकावं, मुद्रा कराव्यात.

आपोआप होणाऱ्या वळवळणाऱ्या हालचाली. नव्या शिक्षकाला वाटतं माणूस रंगात येऊन डोलतोय. तो औषधाचा परिणाम असतो. त्याला थांबवायला सांगू नका, त्याच्या आसपास जागा मोकळी ठेवा.

चेहरा. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात. समोरचा माणूस कंटाळलाय, रागावलाय असं वाटतं आणि शिक्षक नकळत त्याच्याकडे बघणं सोडतो. प्रशिक्षणात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नर्तकाला आयुष्यभर प्रेक्षकाच्या चेहऱ्यावरून पावती घ्यायची सवय असते. इथे आनंद तोंडी विचारायचा.

आजाराची पायरी समजण्यासाठी होएन-यार ही १ ते ५ अशी मोजणी डॉक्टर वापरतात. १ म्हणजे एका बाजूची लक्षणं, ३ पासून तोल बिघडतो, ५ म्हणजे चाकाची खुर्ची किंवा अंथरूण. हा आकडा नोंदीत असू द्या. पण ३ वाले दोघे एकाच दिवशी अगदी वेगळे असू शकतात, त्यामुळे शेवटी डोळेच वापरायचे.

मध्यलय

वरचं सगळं छापून भिंतीला लावण्यासारखं. माझा प्रश्न तालाचा. आपल्याकडे कार्यशाळांमध्ये सर्रास केरवा लावतात. त्रिताल, दादरा, रूपक यांचा विचार कसा करायचा? आणि लय किती?

डग्गा_तबला

@मध्यलय, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत.

आधी लय. प्रत्येकाची सोयीची चाल मोजा. १५ सेकंदांतली पावलं मोजून चारने गुणा. त्या आकड्याच्या दहा टक्के इकडे-तिकडे ठेका ठेवला की पाय त्यावर बसतात. समजा कोणी मिनिटाला ९६ पावलं चालतो, तर ८६ ते १०६ ही त्याची मर्यादा. ज्यांचे पाय चालताना मधेच चिकटतात, म्हणजे जागीच खिळतात, त्यांच्यासाठी किंचित खालची बाजू बरी. लय चढवली की त्यांची पावलं लांब होत नाहीत, आखूड आणि घाईची होतात, अंग पुढे जातं आणि पाय मागे राहतात. गटात तर सगळ्यांचे आकडे वेगळे. म्हणून बसून करायच्या भागात सगळ्यांना एक ठेका, आणि चालण्याच्या भागात दोन-तीन जणांचे गट पाडून प्रत्येक गटाला त्याची लय. मोबाईलवरचा मेट्रोनोम वर्गाआधी वापरावा, वर्गात माणसाने वाजवलेलाच ठेका हवा. वाजवणारा समोरच्याचं पाऊल बघून क्षणभर थांबू शकतो, यंत्र थांबत नाही.

आता ताल. माणसाला पाय दोन, हे धरून हिशोब करा. प्रत्येक मात्रेला एक पाऊल, सुरुवात उजव्याने.

केरवा, ८ मात्रा: पहिली उजव्यावर, पाचवीही उजव्यावर. म्हणजे दोन्ही ठळक जागा एकाच पायावर पडतात. ठेका सोपा, पण डावी बाजू दुबळी असेल तर ती कायम झाकलेली राहते. आवर्तनं मोजून अर्ध्या वाटेत थांबा आणि डाव्याने पुन्हा सुरू करा.

दादरा, ६ मात्रा: सम उजव्यावर, चौथी मात्रा डाव्यावर. वजन आपोआप दोन्हीकडे वाटलं जातं. डोलण्यासाठी, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी याच्याइतका गुणी ताल नाही. तिथे दर तीन मात्रांना एकच पाऊल टाकलं तरी चालतं.

रूपक, ७ मात्रा: विषम संख्या, म्हणून दर आवर्तनाला पाय बदलतो. शिवाय समेवरच खाली, म्हणजे बिनभरीची जागा, त्यामुळे डग्ग्याचा भरीव आघात जिथे हवा तिथेच मिळत नाही. चालण्यासाठी नको. बसून टाळी-खाली दाखवायला, डोक्याला खुराक म्हणून उत्तम.

आणि एक जागा जिथे कथकवाले हमखास फसतात. तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं मूळ काम. 'ता थेई थेई तत्' उजवा-डावा-उजवा-डावा, आणि 'आ थेई थेई तत्' डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे 'तत्' आणि 'आ' हे लागोपाठ डाव्यावरच. आपल्याला ते अंगवळणी पडलेलं असतं, कळतही नाही. कंपवाताच्या माणसाला नेमकं तिथे ज्या पायावर वजन टाकलंय तोच पुन्हा उचलायचा असतो. तो अडकतो, कधी कधी मागे जातो. उभ्याने करताना सरळ एकाआड एक पाय ठेवा. मूळ तत्कार खुर्चीत बसून करा, तिथे तो अडकणं हा सुरक्षित सराव होतो.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मात्र भरपूर करून घ्या. कंपवातात आवाज खाली जातो. बोल पोटातून, खणखणीत म्हणायला लावले की आवाजाचाही व्यायाम होतो. फक्त चालताना नाही. चालणं आणि बोलणं एकाच वेळी म्हणजे मेंदूवर दुहेरी काम.

अरमंडी

बोल म्हणत चालणं अजिबातच नको का? भोंडल्यात आपण गातगातच फेर धरतो, आणि आज्यांना ती गाणी झोपेतही येतात.

सांधेजोड

@अरमंडी, तुमचं बरोबर आहे, गाणं मुरलेलं असेल तर ओझं कमी पडतं, उलट त्याच्या लयीने पाय उचलतो. नवीन बोल आणि चाल एकत्र नको, असं म्हणू. भोंडल्याच्या फेरात दोन गोष्टी सांभाळा. हात घट्ट साखळीत नकोत, कारण एक जण अडला की साखळी पुढच्याला मागे आणि मागच्याला पुढे ओढते. तळव्यावर तळवा नुसता टेकवा. आणि फेराची दिशा बदलताना गाणं थांबवा. सगळे पूर्ण थांबले, वजन दोन्ही पायांवर आलं, मगच उलट दिशा. जागच्या जागी गर्रकन वळण्यात सगळ्यात जास्त माणसं पडतात.

पदन्यास

वर्गाची रचना मांडते. 'डान्स फॉर पी.डी.'चा मूळ वर्ग ७५ मिनिटांचा असतो आणि तेवढा वेळ लागतोच, कारण बैठकीतून उभं राहणं घाईत होत नाही.

पहिली २५-३० मिनिटं खुर्चीत. सुरुवात नावाने आणि हालचालीने. आधी शिक्षक, मग प्रत्येकाने आपलं नाव घेऊन एक हात लांब करायचा, गटाने तो परत करायचा. मग पाठीचा कणा, बरगड्या, खांदे. कंपवातात कणा कडक होतो आणि पुढे वाकतो, त्यामुळे बाजूला लांबणं आणि हलकं वळणं सगळ्यात आधी. मग हस्तमुद्रा. पताक (सरळ पंजा) ते मुष्टी (मूठ), मुष्टी ते अलपद्म (उमललेली बोटं), एकेक बोट मोजून. शर्टाची बटणं लावताना जी बोटं चालत नाहीत, त्यांचं काम इथे होतं. मग पाय: टाच, चवडा, टाच, चवडा.

सूचना देताना *मोठं* हा शब्द सारखा वापरावा. आजारात हालचाल हळूहळू लहान होते आणि माणसाला स्वतःला ती लहान झालेली कळत नाही. 'हात वर' म्हटलं तर खांद्यापर्यंत येतो. 'कळसाला हात लावा', 'वाळत घातलेली साडी दोरीवरून ओढा' म्हटलं की पूर्ण वर जातो. चित्र द्या, अंश आणि कोन देऊ नका. नर्तकाची खरी मिळकत ही आहे.

मग १५ मिनिटं खुर्चीच्या पाठीला किंवा भिंतीच्या कठड्याला धरून उभ्याने. मग २० मिनिटं फिरती. शेवटी १० मिनिटं पुन्हा वर्तुळ, बसून किंवा उभं, आणि निरोप.

फिरतीच्या भागासाठी वारकरी पावली फार उपयोगी आहे. भजनी ठेका ओळखीचा, पुढे-मागे वजन जातं, सगळे एका ओळीत. दोन बदल करावे लागतात: मागे घ्यायचं पाऊल लहान ठेवायचं, कारण मागे जातानाच तोल जातो, आणि शेवटी लय चढवून उड्या घ्यायच्या नाहीत. दिंडीत रंग चढतो तो लयीमुळेच, म्हणून हे मुद्दाम आधी सांगून ठेवायचं. टिपऱ्या बसून छान होतात, समोरासमोर, हात शरीराची मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो. कंप जास्त असेल तर टिपरीला कापड गुंडाळा, समोरच्याच्या बोटांना लागत नाही. लेझीम जड पडते आणि पुढे वाकवते. फुगडी तर कोणाच्याही आग्रहाला बळी न पडता टाळावी.

अरमंडी

भरतनाट्यमवाल्यांसाठी भर. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, पूर्ण बसवू नका. गुडघ्याची वाटी झिजलेली असते आणि बाहेर वळवलेल्या पावलांवर तोलाचा पाया बदलतो. पावलं नितंबाएवढी रुंद, बोटं किंचितच बाहेर, गुडघा बोटांच्या दिशेला, उतरायचं चार-पाच बोटं, बस.

नाट्टडवु हा पदन्यास मात्र सोन्यासारखा आहे. पाय पुढे किंवा बाजूला लांब करून टाच टेकवायची. कंपवाताच्या चालीत नेमकी टाच आधी टेकणंच हरवलेलं असतं, पाय घासत जातो. तट्टडवुत, म्हणजे पाय आपटायच्या पदन्यासात, 'आपटा'ऐवजी 'ठेवा' म्हणा. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेला माणूस फार जोरात आपटतो आणि त्याला दुखतही नाही.

त्यावरून आठवलं, पादत्राणं. आपल्याकडे नाचाच्या जागी चप्पल बाहेर, हा संस्कार आहे आणि तो जपावासा वाटतो. पण नुसत्या मोज्यांनी फरशीवर कोणालाही उभं करू नका. ज्यांची पावलं बरी आहेत त्यांनी अनवाणी, मधुमेहींनी आणि पायाला जखम असलेल्यांनी वर्गासाठी वेगळे ठेवलेले, मागे पट्टा असलेले बूट. जाड रबरी तळ नको, तो फरशीला धरतो आणि वळताना गुडघा पिरगळतो.

नवीनच_आहे

पाय चिकटला तर नेमकं काय करायचं? व्हिडिओंत लोक हात धरून ओढताना दिसतात.

सांधेजोड

ओढायचं नाही. वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात, माणूस तोंडावर पडतो.

१. त्याच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. समोर उभं राहिलात तर तुम्हीच अडथळा होता.
२. 'थांबू या' म्हणा. चालायचा प्रयत्न पूर्ण सोडायचा.
३. ताठ उभं, टाचा जमिनीला.
४. वजन उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, दादऱ्यात डोलल्यासारखं.
५. मग एक खूण द्या. जमिनीवर तुमचं पाऊल आडवं ठेवून 'हे ओलांडा', किंवा 'एक-दोन-आणि-पाऊल'.
६. पहिलं पाऊल मोठं.

दोन-तीन जणांनी एकदम सूचना दिल्या की चिकटलेला पाय आणखी चिकटतो. एकच आवाज. चिकटणं बहुधा दारात, अरुंद जागेत, वळताना आणि खुर्चीजवळ पोचताना होतं. म्हणून खोलीत दारापासून खुर्च्यांपर्यंत जमिनीवर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावा, एका पावलाच्या अंतरावर. वळताना घड्याळाच्या काट्यासारखं मोठं अर्धवर्तुळ चालत वळवा. खुर्चीवर बसताना पोटऱ्यांना कडा लागेपर्यंत मागे, मग हात मागे, मग बसणं.

डग्गा_तबला

खुर्चीचं कोणीतरी लिहा. लग्नाच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वर्ग चालू असलेले दिसतात आणि काळजाचा ठोका चुकतो.

अरमंडी

प्लास्टिकची साचेबंद खुर्ची टाइल्सवर मागे सरकते, आणि वजन एका हातावर टाकून उठलं की तिचे पाय फाकतात. घडीची खुर्ची मिटते. चाकांची तर नकोच. हवी ती चार पायांची, लाकडी किंवा लोखंडी, पायांना रबरी बूच असलेली, बसायची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर. उंच माणसासाठी वर घट्ट गादी ठेवा, मऊ उशी नको. बहुतेकांना हातांची खुर्ची नको असते कारण हात बाजूला पसरता येत नाहीत, पण वाढलेल्या आजारात दोन-तीन हातवाल्या ठेवा. दुसरा मार्ग नसेल तर खुर्च्या भिंतीला टेकवून लावा.

नितंबाचा सांधा नुकताच बदललेला माणूस असेल तर खालची बैठक, पाय ओलांडणं, ९० अंशांपेक्षा जास्त वाकणं त्याच्या सर्जनने परवानगी देईपर्यंत बंद. मांडी घालायचा आग्रह कोणी करू नये, घरचेही करतात. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून पीळ देणं टाळा.

शांतसंध्या

स्मृतिभ्रंशाच्या वर्गाबद्दल थोडक्यात, कारण कंपवाताचे धडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. एका वेळी एकच सूचना, आणि शक्यतो शब्दांऐवजी करून दाखवणं. दर वेळी तीच खोली, तोच क्रम, सुरुवातीचं तेच गाणं. नवीन रचना शिकवण्याच्या मागे लागू नये. आरसे झाका, आरशातला माणूस परका वाटून घाबरणारे असतात. गडद रंगाचा गालिचा किंवा फरशीवरचा काळा चौकोन खड्ड्यासारखा भासतो आणि माणूस तिथे अडतो. जुनी गाणी आठवणी जागवतात तशी दुःखही जागवतात. कोणी रडू लागलं तर गाणं घाईने बदलू नका, शेजारी बसा, हात पुढे करा, तो धरायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

हाक मारण्याचंही बघा. सगळ्यांना सरसकट 'आजी-आजोबा' म्हणणं आपल्याला प्रेमळ वाटतं. पण तीस वर्षं शाळा चालवलेल्या मुख्याध्यापिकेला 'बाई' हीच हाक ओळखीची असते आणि तिला ती मान वर करायला लावते. पहिल्याच दिवशी घरच्यांना विचारून घ्यावं.

मध्यलय

आता प्रमाणपत्रांचं. 'डान्स थेरपिस्ट' म्हणवून घ्यायला भारतात काय लागतं?

पदन्यास

दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळी ठेवली तर बरेच वाद मिटतात.

एक, नृत्य-हालचाल उपचार. यात उपचाराचं ध्येय ठरवणं, तपासणी, नोंदी, मानसिक आघातावर काम हे सगळं येतं. अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन १९६६ पासून आहे. तिच्याकडे नोंदणीला पदव्युत्तर शिक्षण आणि ७०० तासांची प्रत्यक्ष इंटर्नशिप लागते. आपल्याकडे 'कोलकाता संवेद' ही सोहिनी चक्रवर्ती यांची संस्था या क्षेत्रात २००४ पासून आहे आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसोबत तिने डिप्लोमा चालवला. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात, परिशिष्टातल्या यादीत हालचाल-उपचारकांचा उल्लेख आहे, कला आणि नृत्य उपचारक धरून. तेव्हा आज गंमत म्हणून लावलेली पाटी उद्या अंगाशी येऊ शकते.

दोन, आरोग्याच्या ठिकाणी नृत्य शिकवणारा कलाकार. तो उपचार करत नाही, नाच शिकवतो, पण कोणाला शिकवतोय याचं पूर्ण भान ठेवून. इंग्लंडमध्ये 'पीपल डान्सिंग' ही संस्था याच कामाचं प्रशिक्षण देते. 'डान्स फॉर पी.डी.'ची प्रास्ताविक कार्यशाळा वेगळी आणि त्यापुढची प्रमाणन प्रक्रिया वेगळी. कार्यशाळा केली म्हणजे प्रमाणित झालो, असं परिचयपत्रात लिहू नये.

सांधेजोड

+१. आणि दावे मोजून करा. कंपवातात टँगोवर, म्हणजे अर्जेंटिनाच्या जोडीने करायच्या नाचावर, चांगलं काम झालं आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हॅकनी आणि अर्हार्ट यांच्या २००९ च्या अभ्यासात १३ आठवड्यांत २० वर्ग झाले आणि तोलाचे गुण सुधारले. टँगोच का, तर त्यात थांबणं, पुन्हा सुरू करणं, मागे चालणं आणि वजन नेमकं कुठे आहे हे सतत कळणं भाग असतं. याचा अर्थ आजार थांबतो असा नाही.

पडणं टाळण्याबद्दल तर आणखी जपून. साठीपुढच्या लोकांवरच्या २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असं आलं, पण तो फायदा तोलाला आव्हान देणाऱ्या व्यायामांचा होता. नुसत्या नृत्याबद्दल त्याच आढाव्यातला पुरावा अपुरा आहे. आठवड्याला तीन तास किंवा जास्त असा डोस असेल तर परिणाम मोठा. म्हणजे आठवड्यातून एकदा घेतलेला आपला वर्ग त्यासाठी पुरत नाही. इंग्लंडच्या 'डान्स टू हेल्थ'ने यावर उपाय केला: ओटागो आणि फेम या सिद्ध व्यायामक्रमांचे घटक नाचात गुंफले. आपणही घरच्यासाठी रोज १५-२० मिनिटांचा तुकडा द्यावा, ओट्याला धरून करता येईल असा: खुर्चीतून दहा वेळा उठणं, चवड्यांवर वर, एका रेषेत टाच-चवडा चालणं. दादऱ्याची एक ध्वनिफीत सोबत.

नवीनच_आहे

मग ज्याला हे काम करायचंय त्याने कुठल्या क्रमाने शिकावं? आणि चुका कुठे होतात?

पदन्यास

माझ्या मते क्रम असा. सहा ते आठ वर्ग नुसते बघायचे, पण कागद-पेन घेऊन. दर वर्गाला एकच माणूस निवडायचा आणि त्याच्या पायांवर लिहायचं: उठायला किती प्रयत्न लागले, कुठल्या बाजूला वळताना अडला, कुठल्या गाण्याला हात मोठा झाला. मग दहा-बारा वर्ग मदतनीस म्हणून, खुर्चीत बसून सहभागी व्हायचं. मग दहा मिनिटांचा एक तुकडा घ्यायचा, मग अर्धा वर्ग, मग पूर्ण, अनुभवी शिक्षक खोलीत असताना. प्रत्येक वेळी नंतर अर्धा तास चर्चा. या सोबत प्रथमोपचार आणि सी.पी.आर. चं प्रत्यक्ष प्रशिक्षण, व्हिडिओवरचं नाही.

चुका बघा.

शिक्षक उभा राहून शिकवतो. बसलेल्याला मान वर करून बघावं लागतं आणि हालचाल उभ्या माणसाची दिसते. खुर्चीतला भाग शिक्षकाने खुर्चीतूनच घ्यायचा, आणि समोर बसलात तर आरशासारखा: त्यांचा उजवा म्हणजे तुमचा डावा.

पाठांतराचा हट्ट. सोळा मात्रांची रचना तीन आठवडे घोटली जाते आणि ज्याला आठवत नाही तो पुढच्या आठवड्यापासून येत नाही. रचना चार मात्रांच्या तुकड्यांत ठेवा, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पुरा वाटला पाहिजे.

सोपं करताना बाळबोध करणं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. टाळ्या वाजवा, फुलपाखरू व्हा. समोर बसलेल्या माणसाने आयुष्यभर गाणं ऐकलेलं असतं. हालचाल लहान-मोठी करा, बसून-उभ्याने करा, लय बदला, पण कलेचा दर्जा उतरवू नका. ठुमरीवरचा अभिनय खुर्चीत बसून, पूर्ण गांभीर्याने शिकवता येतो. परंपरेत तो बसूनही करतात.

मदतीला धावणं. हात पुढे करून विचारा, 'हात देऊ?' उत्तराला दहा सेकंद थांबा. कंपवातात उत्तर उशिरा येतं.

शांतसंध्या

माणसं किती हवीत? आणि घरची मंडळी मदतनीस म्हणून धरायची का?

सांधेजोड

बारा सहभागी असतील तर एक शिक्षक, तीन प्रशिक्षित मदतनीस. चिकटणारे पाय जास्त असतील तर चार. घरच्यांना यात मोजू नका. ते दिवसभर तेच करत असतात. त्यांना नाचू द्या, स्वतःच्या खुर्चीवर, शक्यतो आपल्या माणसाशेजारी नाही. शेजारी बसले की सूचना देत राहतात आणि रुग्ण त्यांच्याकडेच बघत राहतो.

पहिल्या दिवशी मराठीत साधा अर्ज भरून घ्या: आजार, गोळ्या आणि वेळा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, मधुमेह, पेसमेकर किंवा मेंदूतलं यंत्र, सांधेबदल, डॉक्टरांचं नाव, घरच्या दोघांचे फोन. फोटो-व्हिडिओची संमती वेगळ्या कागदावर, वर्गाच्या संमतीत मिसळायची नाही. नाही म्हणणाऱ्याला वर्ग मिळालाच पाहिजे.

कोणी पडलं तर संगीत बंद, बाकीचे सगळे आपापल्या खुर्चीत बसतील, एक मदतनीस त्यांच्याकडे. पडलेल्याला लगेच उचलायचं नाही. डोक्याला लागलं का, मान दुखते का, नितंब किंवा मांडीत दुखतं का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, ते बघा. यातलं काहीही असेल तर हलवू नका, १०८ ला फोन. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी हॉस्पिटल. काहीच नसेल तर कुशीवर, मग गुडघ्या-हातांवर, समोर खुर्ची, एक पाय पुढे, त्याच्या स्वतःच्या जोरावर वर. मागे दुसरी खुर्ची तयार ठेवा. त्याच दिवशी घरच्यांना कळवा आणि लिहून ठेवा: वेळ, जागा, शेवटची गोळी कधी घेतली होती, कुठली हालचाल चालू होती.

मधुमेह्याला घाम, थरथर, गोंधळ दिसला तर कंपवाताचा कंप समजून सोडून देऊ नका. साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोयच नसेल, आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. कंपवातात गिळायलाही त्रास होतो, म्हणून घोट-घोट, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८.

डग्गा_तबला

शेवटच्या दहा मिनिटांबद्दल एक सांगायचं राहिलं. वर्ग संपला की ठेका एकदम तोडू नका. चालीचा ठेका बंद झाला की ज्यांचे पाय त्यावर चालत होते ते दारापर्यंत जाताना अडतात. निरोपानंतरही सगळे बाहेर पडेपर्यंत, चपला घालून होईपर्यंत, हलका दादरा वाजता ठेवा. दारातल्या चिकटपट्ट्यांजवळ एक मदतनीस उभा असू द्या.